मोठी खासगी बँक सोडून चौकातल्या सहकारी बँकेत जावं का? नागपूरकरांनो सांगा

झेरॉक्सवाला_सक्करदरा
नमस्कार मंडळी. सक्करदऱ्यात माझं स्टेशनरी-झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. दुकानाचं करंट, माझं सेव्हिंग, आईबाबांच्या एफडी, सगळं एका मोठ्या खासगी बँकेत आहे, नाव घेत नाही कारण नाव घेतलं की अर्धे लोक तिचीच बाजू घेऊन भांडत बसतात. सुरुवातीला बरं होतं, माणूस दुकानात येऊन फॉर्म भरून घेऊन गेला होता. आता दर थोड्या महिन्यांनी नवा पोरगा फोन करतो, सर मी तुमचा नवीन रिलेशनशिप मॅनेजर, म्हणजे आरएम, अन् दुसऱ्याच वाक्यात इन्शुरन्स.

मागच्या महिन्यात तर हद्द झाली. आई एकटीच एफडी रिन्यू करायला गेली, तिथल्या मुलीनं काकू काकू करत चहा पाजला, याच्यात जास्त रिटर्न आहे म्हणाली, टॅबवर बोटानं सह्या घेतल्या, अन् परवा घरी जाडजूड पाकीट आलं तेव्हा कळलं की एफडी झालीच नाही, दरवर्षी हप्ता भरायची युलिप, म्हणजे बाजाराशी जोडलेली विमा पॉलिसी झाली. आईचं वय ६७. ब्रँचला गेलो तर ती मुलगी म्हणे आता वर्ध्याला गेली, तुम्ही कस्टमर केअरला मेल टाका. त्या काउंटरवर मी कितीतरी वर्षांपासून जातो, एकालाही माझं नाव माहीत नाही.

आमच्या चौकात एका नागरी सहकारी बँकेची शाखा आहे, व्याज अर्धा-पाऊण टक्का जास्त देऊन राहिले. बाबा म्हणतात सगळं तिकडे ने, तिथला शिपाईसुद्धा घरचं विचारतो. भाऊजी म्हणतात वेडा झाला का, सहकारी म्हणजे संचालकांच्या घरची तिजोरी. दोघंही आपापल्या जागी ठाम आहेत आणि मी मधात. कोणाला खरंच अनुभव असेल तर सांगा, उगाच व्हॉट्सॲपवरचं फॉरवर्ड नको. दुकानाचं यूपीआय, जीएसटी वगैरेचं काय होते तेही सांगा.

इतवारी_मिरची
भौ, आमचं खातं वडलांच्या काळापासून इतवारीतल्या सहकारी बँकेत आहे, अन् मी तं म्हणतो धंदा असन तं तिकडंच जा. एक सांगतो. माह्या पार्टीचा चेक दुपारी येणार होता अन् मी दिलेला चेक सकाळीच क्लिअरिंगले लागला, खात्यात पंधरा-अठरा हजार कमी. अकाउंटंटचा फोन, शेठ बाराच्या आत भरून टाका नाहीतं वापस जाते. गल्ल्यातून काढले, पोट्ट्याच्या हाती पाठवले, विषय खतम. मोठ्या बँकेत काय होते, चेक बाउन्स होते, मग मेसेज येते, मग दंड कटते, मग पार्टी चार लोकांत शिव्या देते. आता तं ऑक्टोबर २०२५ पासून चेक त्याच दिवशी क्लिअर होऊन राहिले, म्हणजे पैसे जमवाले टाइमच नाही, तं त्या एका फोनची किंमत उलट वाढली.

दुसरं म्हणजे सीसी, कॅश क्रेडिट, लागन तसे पैसे उचलाची कर्जाची लिमिट. आमचा धंदा मिरचीचा. कळमन्याच्या बाजारात आवक सुरू झाली की पैसे एकदम लागते, बाकी महिने खातं झोपलेलं. मुंबईत कम्प्युटरवर बसलेल्या माणसाले ते झोपलेलं खातं पाहून वाटते धंदा बसला, लिमिट कापा. इथल्या मॅनेजरले मिरचीचा सीझन मुखपाठ आहे, तो डिसेंबरातच विचारते, शेठ या साली माल कसा आहे. हा फरक आहे बाप्पा, अन् तो कोणत्याच ॲपमध्ये येत नाही.

तर्री_जास्त
अन् संचालकाचा साळा पन्नास लाख घेऊन गायब होते तवा फोन येते का शेठ?

इतवारी_मिरची
तुमचे गेले का?

तर्री_जास्त
माझे नाही, पण नागपुरात राहून असं विचारता याचंच नवल आहे. जिल्हा बँकेचं विसरले का? २००२ चं प्रकरण, शेतकऱ्यांच्या बँकेचे दीडशे कोटींच्या आसपास रुपये सरकारी रोखे घ्यायचे म्हणून होम ट्रेड अन् आणखी काही दलाल कंपन्यांकडे दिले, रोखे काही आलेच नाहीत. खालच्या कोर्टाचा निकाल लागला डिसेंबर २०२३ मध्ये, माजी मंत्र्यासकट सहा जणांना पाच-पाच वर्षं. एकवीस वर्षं लागली फक्त एवढं ठरवायला. तिथंही सगळे एकमेकांना ओळखतच होते ना, ओळखीचा मॅनेजर अन् सीझन मुखपाठ.

मानेवाडा_ताई
माझ्या सासूबाईंचे गेलेत म्हणून लिहिते. मेसचे डबे करायच्या, रोज संध्याकाळी डेली कलेक्शनवाला यायचा, शंभर-दोनशे जे असेल ते द्यायच्या, तो कार्डावर सही करून जायचा. त्याच जमलेल्या पैशांच्या पुढे एफडी केल्या, बारा टक्के सांगितले होते. एक दिवस शटरवर कागद चिकटवलेला, तांत्रिक कारणास्तव व्यवहार बंद. तो कागद पुढे किती दिवस तसाच होता, पावसानं शाई गेली तरी. कलेक्शनवाला आमच्याच गल्लीतला, त्याचे स्वतःचेही अडकले होते, लोक त्याच्याच दारात जाऊन बसायचे. आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार दिली, एमपीआयडी म्हणजे ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा लागला, संचालकांच्या प्रॉपर्टी जप्त झाल्या म्हणतात, पैसे काही हातात आले नाहीत. आम्हाला वाटायचं बँकच आहे. पासबुक होतं, काउंटर होतं, दिवाळीला कॅलेंडरसुद्धा यायचं. त्यामुळे जवळची, ओळखीची वगैरे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

शाखाधिकारी_निवृत्त
मी एका नागरी सहकारी बँकेत क्लार्कपासून शाखाधिकारीपर्यंत नोकरी केली, आता रिटायर्ड, तेव्हा माझं मत त्या बाजूला थोडं झुकलेलं असणार हे धरूनच वाचा. ताईंचं वाचून वाईट वाटलं, पण त्यांनी जे लिहिलं ती बँक नव्हती, पतसंस्था नाहीतर सोसायटी असावी, हे आधी सांगितलं पाहिजे, आणि तर्रीवाले म्हणतात ती बँक होती पण नागरी नव्हती.

आपल्याकडे सहकारी म्हटलं की लोक सगळं एकाच पोत्यात भरतात. नागरी सहकारी बँक आणि जिल्हा मध्यवर्ती बँक यांना रिझर्व्ह बँकेचं लायसन लागतं आणि त्यांच्या ठेवींना विमा असतो. पतसंस्था राज्याच्या १९६० च्या सहकार कायद्याखाली चालते, तिच्यावर देखरेख सहकार खात्याच्या उपनिबंधकांची, रिझर्व्ह बँक तिथे येत नाही आणि विमाही नाही. मल्टिस्टेट सोसायटीची नोंद दिल्लीत सेंट्रल रजिस्ट्रारकडे, तिलाही विमा नाही, बीडची ज्ञानराधा अडकली तेव्हा लाखो ठेवीदारांना हे तेव्हाच समजलं. बाहेरून मात्र सगळं सारखंच, काचेचं केबिन, टोकन मशीन, लक्ष्मीचा फोटो. म्हणून पाटी वाचू नका. बँकेच्या वेबसाइटवर डीआयसीजीसीचा, म्हणजे ठेवींचा विमा उतरवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्याच महामंडळाचा, लोगो आणि क्यूआर कोड शोधा, सप्टेंबर २०२३ पासून विमा असलेल्या प्रत्येक बँकेला तो तिथे लावावा लागतो. आणि लोगो काय कोणीही लावेल, तेव्हा डीआयसीजीसीच्या साइटवर बँकांची यादी आहे तीत नाव बघा. चांगल्या पतसंस्था आहेत, नाही असं नाही, पण आईची एफडी तिथे नको.

आता विमा म्हणजे नेमकं काय. फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेत पाच लाख, त्याआधी १९९३ पासून एक लाखच होते. पाच लाखात मुद्दल आणि व्याज दोन्ही आलं, म्हणून पूर्ण पाच लाखाची एफडी केली तर व्याज उघड्यावर पडतं, साडेचारपर्यंत ठेवा. सगळ्या शाखा मिळून एकच धरतात, सक्करदऱ्यात चार आणि महालात चार असं केलं तर ते आठच. झेरॉक्सवाले, तुमच्यासाठी खास, दुकान तुमच्या एकट्याच्या मालकीचं असेल तर दुकानाचं करंट आणि तुमचं सेव्हिंग दोन्ही एकाच माणसाचं धरतात. आईबाबांचं जॉइंट असेल तर नावांचा क्रम बदलला की खातं वेगळं धरलं जातं, आई पहिली एक, बाबा पहिले एक, हे कायदेशीर आहे आणि अर्ध्या काउंटरवाल्यांनाही माहीत नसतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आले तरी नव्वद दिवसांत ही रक्कम मिळते, पूर्वी बँक पूर्ण बुडेपर्यंत थांबावं लागायचं, पुण्याच्या रुपी बँकेचे लोक २०१३ पासून वाट पाहत होते आणि लायसन रद्द झालं २०२२ मध्ये.

एवढं केलं की पाच लाखांपर्यंत बँक छोटी का मोठी याने सुरक्षिततेत फारसा फरक राहत नाही. फरक पाच लाखांच्या वर सुरू होतो. तिथे मला विचाराल तर बँकेचा वार्षिक अहवाल मागा. सभासद नसलात तरी मागा, देतात, नाही दिला तर तेच उत्तर समजा. पुढची पानं अध्यक्षांच्या फोटोची आणि ठेवी किती वाढल्या त्याची, ती सोडा. मागे बारीक अक्षरात जा. निव्वळ एनपीए बघा, म्हणजे तरतूद वजा जाता थकलेली कर्जं, मी स्वतः तीन टक्के ही रेघ मानतो, त्याच्या वर असेल तर नमस्कार करून परत या. सीआरएआर बघा, म्हणजे जोखमीच्या कर्जांच्या तुलनेत बँकेचं स्वतःचं भांडवल किती टक्के, अगदी छोट्या बँकेला किमान नऊ लागतो, मोठ्यांना बारा, आणि जेमतेम असण्यापेक्षा दोन-तीन टक्के वर असलेला बरा. सगळ्यात मोठ्या वीस कर्जदारांकडे एकूण कर्जाचा किती हिस्सा आहे हाही आकडा असतो, आमच्या काळी लोक याच्याकडे बघतच नव्हते आणि सगळा खेळ तिथेच असतो. हिस्सा मोठा असेल तर बँक म्हणजे त्या वीस लोकांची बँक झाली, एक बिल्डर बसला की सगळे बसतात. मुंबईच्या पीएमसी सहकारी बँकेचं तेच झालं, कर्जाचा मोठा ढीग एचडीआयएल या एकाच बिल्डर गटाकडे होता आणि तो खोट्या खात्यांमागे लपवला होता.

तर्रीवाल्यांचा मुद्दा मी उडवून लावत नाही. संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज द्यायला रिझर्व्ह बँकेची २००३ पासून बंदी आहे, पण मित्राला नातेवाईक कोणता कायदा म्हणणार? कर्ज समितीत फाइल यायची, कागद अपुरे, आणि कव्हरवर कोपऱ्यात पेन्सिलीनं एवढंच लिहिलेलं असायचं, 'बोलावे'. म्हणजे साहेबांशी फोनवर बोला. पेनानं कधीच नाही, पेन्सिलीनं. मंजुरीनंतर खोडलं की झालं. चांगल्या बँकेत शाखाधिकारी तीच फाइल त्रुटी लिहून परत पाठवू शकतो, वाईट बँकेत त्याची बदली रामटेकला होते. बाहेरून हे कळायचा एकच रस्ता, शाखेत थोडे दिवस जा आणि बघा तिथले लोक संचालकांबद्दल कसे बोलतात.

मिहान_आयटी
काकांनी भारी लिहिलं. मी दुसरी बाजू टाकतो कारण कोणीच कर्जाबद्दल बोलत नाही आहे. होमलोन असेल तर प्लीज सहकारीत नको. मोठ्या बँकांना ऑक्टोबर २०१९ पासून फ्लोटिंग होमलोन रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना उधार देते तो दर) बाहेरच्या दराला जोडावंच लागतं, सहकारी बँकांना ते बंधन नाही, तिथे रेट संचालक मंडळ ठरवते. २०२५ मध्ये रेपो साडेसहावरून उतरत उतरत डिसेंबरमध्ये सव्वापाचवर आला, माझा रेट आपोआप खाली येत गेला, मी काही केलं नाही. त्याच सोसायटीत दोन मजले वर राहणाऱ्या मित्राचं लोन सहकारी बँकेत आहे, त्याचा रेट ढिम्म, विचारलं तर म्हणे अर्ज द्या, मीटिंगमध्ये ठेवतो. वरून कर्ज घेताना शेअर घ्यावे लागले ते वेगळंच, तारण कर्जाला अडीच टक्के अन् बिनतारणी असेल तर पाच टक्के. म्हणजे दहा लाखाच्या तारण कर्जावर पंचवीस हजार शेअरमध्ये गेले. ते ठेव नाही त्यामुळे विमा नाही, अन् बाहेर पडायचं तर पुन्हा बोर्डाची मंजुरी.

ॲपचं तर बोलूच नका. चौकातल्या बँकेच्या ॲपवर फिंगरप्रिंट पण चालत नाही अन् रविवारी मेंटेनन्स.

इतवारी_मिरची
रेट जास्त आहे हे मानलं भाऊ, पण तुमच्या मोठ्या बँकेनं माह्या मिरचीले कधी कर्ज देल्लं का? तुमचा पगार स्लिपवर छापून येते, आमचा पोत्यात येते. अन् ॲपचं म्हणान तं ते पोट्ट्याले मीबी रोज शिव्या देतो, त्याच्यात वाद नाही.

अन् मोठ्या बँका गरिबाच्या किती कामाच्या ते तं ऑगस्ट २०२५ मध्ये दिसलंच, एका मोठ्या खासगी बँकेनं शहरातल्या नव्या खात्याले मिनिमम बॅलन्स पन्नास हजार करून टाकला होता, बोंबाबोंब झाल्यावर पंधरावर आले. पन्नास हजार खात्यात पडून ठेवाले आमच्या हमालानं काय करावं?

तर्री_जास्त
सरकारी बँका आहेत ना त्याच्यासाठी, स्टेट बँकेनं तर २०२० मध्येच मिनिमम बॅलन्स काढून टाकला, २०२५ मध्ये आणखी काहींनी काढला. खासगी नको तर सहकारी असं कुठं लिहिलंय.

आणि मोठी बँक पडली तर सरकार हात देते हे सत्य आहे, आवडो न आवडो. येस बँकेवर ५ मार्च २०२० ला निर्बंध आले, पन्नास हजारच काढता येत होते, आणि १८ मार्चला उठलेसुद्धा, स्टेट बँकेनं पुढाकार घेऊन पैसा ओतला. पीएमसीवर सप्टेंबर २०१९ मध्ये आले तेव्हा पहिल्या दिवशी लिमिट किती होतं, एक हजार रुपये. आणि प्रकरण संपायला जानेवारी २०२२ उजाडला, त्यातही पाच लाखांवरची रक्कम हप्त्याहप्त्यानं, शेवटचा टप्पा दहा वर्षांनी. एकीकडे दोन आठवडे, दुसरीकडे अर्धं आयुष्य.

शाखाधिकारी_निवृत्त
हे अगदी बरोबर आहे आणि मी त्याला उत्तर देऊ शकत नाही. फक्त येस बँकेत एक गोष्ट झाली ती जोडतो. ठेवीदार वाचले पण साधारण ८,४०० कोटींचे एटी-१ बॉन्ड, म्हणजे बँक अडचणीत आली तर शून्य करता येतात असे रोखे, शून्य करून टाकले, आणि त्यात असे बरेच पेन्शनर होते ज्यांना एफडीसारखंच आहे, व्याज जास्त आहे असं सांगून ते विकले होते. झेरॉक्सवाल्यांच्या आईला जे युलिप दिलं त्याची आठवण झाली. मोठ्या बँकेत पैसा बुडायची भीती कमी, पण टार्गेट असलेला माणूस समोर बसलेला असतो. चौकातल्या बँकेत विकायला फारसं काही नसतं, एफडी नाहीतर आरडी.

मुंबईची न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह ताजी आहे, फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्बंध, १२२ कोटींची रोकड तिजोरीतून गायब. ऑगस्टमध्ये सारस्वत बँकेत विलीन झाली, म्हणजे सहा महिन्यांत सुटलं. २०२० च्या कायद्यानंतर रिझर्व्ह बँकेला सहकारी बँकांवर जास्त अधिकार आले, त्याचा वेग आता दिसतो आहे. पण रोकड १२२ कोटी कमी आहे हे कोणी मोजलंच नाही इतकी वर्षं, याचं काय करायचं सांगा.

धरमपेठ_आजोबा
आई ६७ ची आहे तर पोस्टातली सीनिअर सिटिझन स्कीम कोणीच सुचवली नाही. सध्या ८.२ टक्के, तीस लाखांपर्यंत. तिथे पीएनआर बघायला नको आणि एनपीए पण नको.

मिहान_आयटी
आजोबा, पीएनआर रेल्वेचा, इथे सीआरएआर 😄 पण स्कीम खरंच चांगली आहे. ब्रँचमधला आरएम कधी सांगणार नाही कारण त्याचं टार्गेट त्यात नाही.

मानेवाडा_ताई
युलिपचं काय केलं? ते आधी करा, बँक नंतर बदला.

झेरॉक्सवाला_सक्करदरा
सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. युलिप अजून तशीच आहे, मेल टाकला, ऑटो-रिप्लाय आला.

काका, एक विचारायचं होतं. चौकातल्या बँकेत विचारलं तर यूपीआय चालतं म्हणाले पण आयएफएससी कोड दुसऱ्याच कोणत्या तरी बँकेचा दिला, याच्यात काही गडबड तर नाही? भाऊजी लगेच म्हणाले बघ, मी सांगत होतो.

शाखाधिकारी_निवृत्त
भाऊजींना सांगा गडबड नाही. छोट्या बँका सगळ्या यंत्रणांच्या थेट सदस्य नसतात, मोठ्या बँकेच्या मार्फत जातात, त्यामुळे कोड त्या बँकेचा येतो. तुमचा पैसा तिथे जात नाही, फक्त रस्ता तिथून आहे. पण त्या मोठ्या बँकेची सिस्टिम अडकली की तुमचंही अडकेल, आणि दुकानात रांग लागलेली असताना बॉक्सवर 'पेमेंट प्राप्त झाले' बोललं नाही तर तुम्हालाच त्रास. म्हणून दुकानाचा क्यूआर आणि जीएसटी सध्या जिथे आहे तिथेच राहू द्या, निदान मार्चपर्यंत. करंट अकाउंट घाईत हलवू नका, खाते नंबर बदलला की कागद, पार्ट्या, लाइट बिलाचं ऑटो-डेबिट, सगळीकडे बदलावं लागतं.

युलिपचं मात्र आजच बसा. पॉलिसी हातात पडल्यापासून तीस दिवसांत परत करता येते, फ्री लूक म्हणतात, २०२४ पासून सगळ्यांना तीस दिवस आहेत. अर्ज बँकेला नाही, विमा कंपनीला द्या, लेखी, आणि पोच घ्या. ब्रँचमध्ये तोंडी सांगितलं तर ते तीस दिवस होईपर्यंत गोड बोलत राहतील. बँकेविरुद्धची तक्रार वेगळी, लेखी दिल्यावर तीस दिवस वाट बघा, मग रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर लोकपालाकडे, १४४४८ वर फोन करून विचारताही येतं. काय बोलणं झालं, कोण होतं, कोणत्या तारखेला, आईला आठवतं तसं आजच लिहून ठेवा.

इतवारी_मिरची
पाह्यलं का भाऊ, असा माणूस मोठ्या बँकेच्या काउंटरवर भेटन का तुमाले?

तर्री_जास्त
काका रिटायर्ड आहेत शेठ, तुमच्या बँकेतही आता भेटत नाहीत 😂

नंदनवन_गृहिणी
मला एक वेगळंच सांगायचंय. विदर्भ कोकण ग्रामीण बँकेचं मुख्यालय नागपुरात होतं, काही अडलं तर थेट जाऊन बसता यायचं, माझ्या भावाचं पीककर्ज तसंच सुटलं होतं. १ मे २०२५ पासून ती महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली आणि मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला. ब्रँच तीच, माणसं तीच, पण आता म्हणतात वर पाठवलंय, आणि ते वर म्हणजे पाचशे किलोमीटर. चौकातली बँक निवडताना तिचं हेड ऑफिस कुठे आहे हे मी तरी आधी बघेन. आणि नॉमिनी नक्की भरा, नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत टाकता येतात, कोणाला किती टक्के तेही लिहिता येतं, आमच्याकडे एकच नाव होतं त्यावरून भावाभावांत अजून बोलणं बंद आहे.

झेरॉक्सवाला_सक्करदरा
अपडेट. युलिपचा अर्ज विमा कंपनीच्या धंतोलीच्या ऑफिसात देऊन आलो, पोच घेतली, आता बघू. घरी बसून असं ठरलं की दुकानाचं काहीच हलवायचं नाही. आईची मोठी रक्कम पोस्टात, बाबा आधी ऐकेनात पण ८.२ ऐकून गप्प झाले. उरलेल्यातून चौकातल्या बँकेत दोन एफडी, एकीत आई पहिली, दुसरीत बाबा पहिले, दोन्ही साडेचारच्या आत. भाऊजींनी डीआयसीजीसीच्या यादीत स्वतः नाव शोधलं, सापडल्यावर म्हणे आहे, पण तरी.

अहवाल मागायला गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी विचारलं तुम्ही सभासद आहात का, मग कशाला पाहिजे. मी म्हटलं ठेव ठेवायची आहे, वाचून ठेवतो. त्या हसल्या, आत गेल्या, अकाउंटंट स्वतः बाहेर आला, कपाटाच्या वरच्या खणातून काढून धूळ झटकून दिला, म्हणे गेल्या आमसभेनंतर कोणी मागितलाच नाही. निव्वळ एनपीए दोनच्या आत आहे, सीआरएआर चौदाच्या वर. पण मोठ्या वीस कर्जदारांचा हिस्सा मला जास्त वाटतो, एकूण कर्जाच्या चौथ्या भागाच्या आसपास, आणि ऑडिटरच्या शेऱ्यात एका खात्याबद्दल 'कर्जाची पुनर्रचना दोनदा' असं लिहिलंय. काका, हे कितपत वाईट?

शाखाधिकारी_निवृत्त
एवढ्या छोट्या बँकेत चौथा भाग म्हणजे मला आवडलं नसतं, पण तुमची ठेव विम्याच्या आत आहे तर झोप उडवण्यासारखं नाही, पाच लाखांच्या वर मात्र तिथे एक रुपया नको. दोनदा पुनर्रचना, म्हणजे फेडीच्या अटी दोनदा बदलून दिल्या, हे जास्त लक्ष द्यायचं. त्या खात्याची रक्कम किती आणि तारण काय ते शेऱ्यातच पुढच्या ओळीत असेल. आणि अहवाल कोणत्या वर्षाचा दिला ते कव्हरवर बघा, बऱ्याचदा हाताला लागतो तो जुना देतात, सगळ्यात अलीकडच्या ३१ मार्चचाच पाहिजे. ते पान इथे टाका, कर्जदाराचं नाव असेल तर झाकून टाका.